आरएसयूचा अपटाइम ९९.९ टक्के, तरी गाडीला चुकीचा हिरवा. चूक कुठे शोधायची?

चौकमापक (प्रश्न)

जोडलेल्या आणि स्वयंचलित गाड्यांच्या चाचणीसाठी १४ चौकांचा एक कॉरिडॉर तयार होतोय. प्रत्येक चौकात सिग्नल कंट्रोलर, त्याला इथरनेटने जोडलेलं रोडसाइड युनिट म्हणजे आरएसयू, ५.९ गिगाहर्ट्झवर सी-व्हीटूएक्स (गाडी आणि रस्ता यांच्यातला थेट रेडिओ दुवा), आणि एसएई जे२७३५ या संदेशांच्या मानकाप्रमाणे दोन संदेश: दिव्याची स्थिती सांगणारा स्पॅट सेकंदाला १० वेळा, लेनची भूमिती सांगणारा मॅप सेकंदाला एकदा. डॅशबोर्डवर १४च्या १४ युनिटं हिरवी दिसतात. चाचणीच्या गाडीत मात्र तीन दोष वारंवार येताहेत.

पहिला, दोन चौकांत गाडीतला काउंटडाउन खऱ्या दिव्यापेक्षा बरोबर १८ सेकंद जास्त दाखवतो. दुसरा, एका चौकात सिग्नलचं कॅबिनेट फ्लॅशिंगवर (बिघाडात दिवे नुसते लुकलुकतात ती स्थिती) गेलेलं असताना हवेत अजून 'हिरवा' जात होता. तिसरा, तीन-चार चौकांत संदेश स्निफरवर (हवेतले संदेश पकडून दाखवणारं उपकरण) नीट दिसतात, पण गाडीतलं युनिट ते स्वीकारतच नाही.

हे तिन्ही कसे पकडायचे आणि स्वीकृती चाचणीत कोणत्या अटी घालायच्या? आणि मुळात, असल्या यंत्रणेची विश्वासार्हता अपटाइमने मोजावी का?

---

पिवळादिवा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच सगळ्याच्या मुळाशी आहे. अपटाइम म्हणजे डबा पिंगला, नेटवर्कवरच्या 'आहेस का?' या हाकेला, उत्तर देतोय, एवढंच. आरएसयू बंद पडलं तर गाडी कॅमेऱ्यावर चालते, जशी आरएसयू नसलेल्या हजारो चौकांत चालतेच. धोका आहे तो चालू राहून चुकीचं बोलणाऱ्या आरएसयूचा. म्हणून मोजायच्या गोष्टी दोन, आणि त्या वेगवेगळ्या: संदेश किती वेळ उपलब्ध होता, आणि उपलब्ध असताना किती वेळ खरा होता. दुसरा आकडा कोणत्याही डॅशबोर्डवर आपोआप येत नाही. दिव्यांकडे स्वतंत्रपणे पाहणारं काहीतरी लागतं.

आता १८ सेकंद. आकडा ऐकताच निदान होतं. जीपीएसची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. १ जानेवारी २०१७ पासून हा फरक तेवढाच आहे. स्पॅटमधला 'टाइममार्क', म्हणजे दिवा कधी बदलणार ती वेळ, यूटीसीत द्यायचा असतो. त्या दोन चौकांत कोणीतरी तो जीपीएस वेळेत भरतंय. गाडीची चूक असती तर ती सगळ्या चौकांत दिसली असती, त्यामुळे गाडी सोडा आणि त्या दोन आरएसयूंच्या फर्मवेअरमधलं लीप सेकंदाचं (यूटीसीत मधूनमधून घातल्या जाणाऱ्या जादा सेकंदाचं) सेटिंग आधी बघा. चूक जास्त वाटणाऱ्या दिशेला आहे हे वाईट: हिरवा संपलेला असताना गाडीला वाटतं अजून १८ सेकंद आहेत.

याच कुळातला आणखी एक दोष तपासून घ्या. टाइममार्क म्हणजे चालू तासातले सेकंदाचे दहावे भाग, ० ते ३५९९९. स्थानिक वेळ यूटीसीपेक्षा पूर्ण तासांनी वेगळी असेल आणि कोणी चुकून स्थानिक वेळ भरली, तर तासच गळून पडतो आणि चूक लपून राहते. जिथे फरकात पूर्ण तासांवर अर्धा तास उरतो तिथे तीच चूक थेट ३० मिनिटांनी फुटते. तेच सॉफ्टवेअर एका देशात वर्षानुवर्षं नीट चालतं आणि दुसऱ्या देशात पहिल्याच दिवशी चुकतं, ते यामुळे. मानकाच्या जुन्या आवृत्तीत ३६००१ आणि नव्या आवृत्तीत ३६१११ हा आकडा आला तर घाबरू नका, त्याचा अर्थ 'वेळ माहीत नाही', आणि गाडीने तो तसाच वाचायला हवा.

कंट्रोलरचं घड्याळही स्वतंत्रपणे तपासा. बरेच कंट्रोलर अजूनही विजेच्या वारंवारतेवरून वेळ मोजतात. जाळ्याची वारंवारता सरकली की घड्याळ सरकतं. २०१८ च्या सुरुवातीला युरोपच्या जोडलेल्या ग्रिडवर सरासरी वारंवारता ४९.९९६ हर्ट्झ राहिली आणि वारंवारतेवर चालणारी घड्याळं मार्चपर्यंत जवळपास सहा मिनिटं मागे पडली. सिग्नलचं समन्वयन एकमेकांशी असतं, त्यामुळे सगळे सारखेच मागे पडले तर रस्त्यावर काही कळत नाही. स्पॅटमध्ये मात्र निरपेक्ष वेळ जाते, तिथे लगेच कळतं. उपाय स्वस्त आहे: आरएसयूचा जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा आणि वेळ घेणारा) रिसीव्हर त्याच कॅबिनेटमधल्या कंट्रोलरला एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत) वेळ देऊ दे, आणि दोघांतला फरक १०० मिलिसेकंदांच्या वर गेला की अलार्म. स्पॅटचं एककच ०.१ सेकंद असल्यामुळे यापेक्षा ढिली मर्यादा ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरा दोष, फ्लॅशिंग. कॅबिनेटमधला कॉन्फ्लिक्ट मॉनिटर परस्परविरोधी हिरवे दिसताच अर्ध्या सेकंदाच्या आत रिले सोडतो आणि दिवे थेट फ्लॅशरला जोडले जातात. हे हार्डवेअरमध्ये घडतं. कंट्रोलरचा प्रोसेसर त्यातून बाहेर पडलेला असतो, पण बंद नसतो. तो आपल्या फेजा (कोणत्या दिशेला कधी हिरवा, ते टप्पे) मोजतच राहतो आणि त्या फेजाच स्पॅटमध्ये जातात. दिव्यांना आता कोणीच विचारत नाही. मॉनिटर आणि कंट्रोलर यांच्यात सिरियल बस असेल तर कंट्रोलरला ही स्थिती कळते. जुन्या कॅबिनेटमध्ये फ्लॅश-सेन्सची वेगळी तार कंट्रोलरच्या इनपुटला आणावी लागते, आणि बसवणारे नेमकी तीच विसरतात. कारण तिच्यावाचून सिग्नल चालतो. पोलिसांच्या छोट्या दारामागचा फ्लॅश स्विचही असाच वेगळ्या वाटेने जातो.

चाचणी अशी करा. रहदारी थांबवून फ्लॅश स्विच टाका. नंतर सामान्य स्थितीत आणून एक लोड स्विच (दिव्यांना वीज देणारा स्विच) उपसा. मग मॉनिटरमधून मुद्दाम ट्रिप घडवा. तिन्ही वेळा स्निफरवर एका सेकंदाच्या आत चौकाच्या स्थितीत फेल्युअर-फ्लॅशचा बिट यायला हवा आणि फेजची स्थिती लुकलुकता लाल किंवा लुकलुकता पिवळा अशी बदलायला हवी. ते जमत नसेल तर स्पॅट बंद व्हायला हवा. हिरवा चालू राहिला तर चौक नापास.

चौथी चाचणी: कंट्रोलर आणि आरएसयूमधली इथरनेट केबल काढा. आरएसयूमध्ये संदेश पाठवायच्या दोन पद्धती असतात: आलेला लगेच पुढे ढकलणे, आणि साठवून ठरावीक वेळाने पुन्हापुन्हा पाठवणे. मॅप साठवून पाठवतात, स्पॅट कधीच नाही. कॉन्फिगरेशन करताना दोन्ही साठवणुकीत पडले, तर केबल तुटल्यावर आरएसयू शेवटचा हिरवा तासन्‌तास पाठवत बसतं. डॅशबोर्ड अर्थातच हिरवा.

---

किल्लीकुलूप

तिसऱ्या दोषावर. स्निफर सही तपासत नाही, गाडी तपासते; म्हणून एकाला दिसतं आणि दुसरी टाकून देते. आयईईई १६०९.२ प्रमाणे प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असते. ऑनबोर्ड युनिटचा, म्हणजे गाडीतल्या युनिटचा, लॉग 'सुरक्षा' पातळीवर सुरू करा आणि नकाराचं कारण वाचा. साधारणपणे यांपैकी एक निघतं:

प्रमाणपत्राची मुदत संपलेली. आरएसयूची प्रमाणपत्रं मुद्दाम अल्पमुदतीची असतात, काही दिवसांची, म्हणजे चोरीला गेलेलं युनिट फार काळ बोलू शकत नाही. नवी प्रमाणपत्रं इंटरनेटवरून उतरवावी लागतात. तुमचे तीन-चारच चौक अडले आहेत, तर ते चौक बॅकहॉलच्या (आरएसयूला मुख्य जाळ्याशी जोडणाऱ्या दुव्याच्या) एकाच प्रकारावर आहेत का बघा. सेल्युलर मोडेम किंवा फायरवॉल बाहेर जाणारी जोडणी अडवतंय, असं बऱ्याचदा निघतं. आरएसयू पिंगला उत्तर देतं, संदेश पाठवतं, फक्त त्याच्या सहीला किंमत उरलेली नसते.

वीज गेल्यानंतरची पहिली मिनिटं. आरएसयूत बॅटरीवरचं घड्याळ नसेल तर उपग्रहांचा फिक्स मिळेपर्यंत ते १९७० सालात असतं. तेव्हा केलेली सही गाडीच्या दृष्टीने निरर्थक. फिक्स आणि वेळ खात्रीची होईपर्यंत प्रसारण बंद, ही अट लिहून घ्या.

प्रमाणपत्रातली परवानगी आणि संदेशाचा प्रकार न जुळणे, किंवा प्रमाणपत्रावर लिहिलेल्या भौगोलिक क्षेत्राबाहेर युनिट बसवलेलं असणे. गोदामातून युनिटांची अदलाबदल झाली की हे होतं.

चौथं कारण पकडायला कठीण. जागा वाचवण्यासाठी प्रत्येक संदेशात पूर्ण प्रमाणपत्र जात नाही. मधल्या संदेशांत त्याचा ८ बाइटचा डायजेस्ट (छोटा ठसा) असतो. रेडिओ कमजोर असेल आणि नेमका पूर्ण प्रमाणपत्राचा संदेश हरवला, तर पुढचे सगळे संदेश पोचूनही तपासता येत नाहीत. लॉगमध्ये 'अज्ञात सही करणारा' असं येतं आणि गाडी जवळ आल्यावर आपोआप सुटतं. हे दिसलं तर प्रमाणपत्रांना हात लावू नका, अँटेना बघा.

आणि हे नीट ध्यानात ठेवा की सही फक्त एवढंच सांगते की बोलणारा कोण आणि संदेश वाटेत बदललेला नाही. पिवळादिवा यांनी सांगितलेला फ्लॅशिंगमधला हिरवा शंभर टक्के वैध सहीने येतो.

---

अँटेनावाला

अँटेना बघाच. ५.९ गिगाहर्ट्झवर १० मिलिमीटर जाडीची चांगली कोॲक्ससुद्धा मीटरमागे सुमारे ०.३५ डेसिबल खाते. १० मीटर केबल टाकली की निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच संपली. आरएसयू खांबावर अँटेनाजवळ चढवा आणि खाली फक्त पीओई केबल (डेटा आणि वीज एकत्र नेणारी इथरनेट केबल) आणा. इथरनेटची मर्यादा १०० मीटर, आणि त्यात कॅबिनेटमधले पॅच कॉर्डही धरायचे. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर हवेत, एकाच टोकाला लावून भागत नाही. कनेक्टरवर स्वतःत वितळून चिकटणारी रबर टेप, तिच्यावर ऊन सोसणारी टेप, आणि केबल आत शिरण्याआधी खाली लोंबणारा वळसा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. पाणी शिरलेला कनेक्टर लगेच मरत नाही. पल्ला आठवड्या-आठवड्याला घटत जातो आणि पिंगला काहीही कळत नाही.

म्हणून स्वीकृतीत पल्ला मीटरमध्ये लिहा: प्रत्येक दिशेने ३०० मीटरपासून थांबारेषेपर्यंत ५० मीटरच्या टप्प्यांत किती टक्के संदेश पोचले. हीच मोजणी झाडं भरगच्च पानांत असताना पुन्हा करा, आणि समोर उंच ट्रक उभा ठेवूनही. पानगळीच्या दिवसांतली चाचणी फसवी.

एक गोष्ट सुटते ती अशी: सी-व्हीटूएक्सचा थेट रेडिओ दुवा वेळेच्या ताळमेळासाठी उपग्रहांवर अवलंबून आहे. जीएनएसएस अँटेना पुलाच्या सावलीत बसवली आणि फिक्स गेला, तर नुसती जागा चुकत नाही, काही वेळाने प्रसारणच थांबतं. आणि उपग्रहांची वेळ मोठ्या जाळ्यालाही आडवं करू शकते. ६ एप्रिल २०१९ ला जीपीएसचा १०२४ आठवड्यांचा काउंटर शून्यावर आला, तेव्हा न्यूयॉर्क शहराचं सरकारी वायरलेस जाळं बरेच दिवस बंद पडलं, आणि सिग्नलना दुरून जोडून ठेवणारा दुवा तुटला. सिग्नल मात्र आपापल्या कंट्रोलरवर चालत राहिले, हे महत्त्वाचं.

---

चौकमापक

१८ सेकंदांचा उलगडा झाला: त्या दोन युनिटांचं फर्मवेअर बाकीच्यांपेक्षा जुनं आहे. फ्लॅश-सेन्सची तार नाहीच. दोन गोष्टी अजून विचारतो. वाहनसंवेदी सिग्नलवर काउंटडाउन मधेच उडी मारतो, तो दोष धरायचा का? आणि गाडीच्या बाजूने नियम असा ठेवला तर चालेल का, की पायाभूत सुविधेकडून आलेल्या माहितीने गाडी जास्त सावध होऊ शकते, कमी सावध कधीच नाही?

---

पिवळादिवा

उडी हा दोष नाही. रस्त्यात पुरलेल्या तारेच्या लूपवर किंवा रडारवर गाडी दिसली की हिरवा वाढतो, म्हणून संपण्याची एकच वेळ सांगणं शक्यच नसतं. त्यासाठीच स्पॅटमध्ये दोन आकडे आहेत: लवकरात लवकर कधी संपेल आणि उशिरात उशिरा कधी. हिरव्यात पुढे जाण्याचा हिशेब पहिल्या आकड्यावर करायचा. लालमध्ये थांबण्याचा हिशेब दुसऱ्यावर. चालकाला एकच गोल आकडा दाखवणारा डिस्प्ले या दोघांची सरासरी काढत असेल तर ते थांबवा. दोन्ही आकडे सदैव सारखे येत असतील आणि सिग्नल वाहनसंवेदी असेल, तर कंट्रोलर अंदाज ठोकतोय, हे नक्की.

एक अपवाद. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडीसाठी प्रीएम्प्शन (सिग्नल तोडून तिला आधी वाट देणं) आलं की हिरवा त्या 'लवकरात लवकर' वेळेच्याही आधी कापला जाऊ शकतो. पिवळा आणि सर्व-लाल पूर्ण मिळतात, पण आधीचा शब्द मोडलेला असतो. प्रीएम्प्शनचा बिट त्याच क्षणी चढतो का, हे वेगळं तपासा.

डिटेक्टर बिघडला तर कंट्रोलर सहसा त्या फेजला दर फेरीत कमाल वेळ देत राहतो. स्पॅट तेव्हाही खराच असतो, रस्ता मात्र तुंबतो.

---

मंदवेग

सावधपणाच्या नियमाबद्दल थोडा वेगळा मुद्दा मांडतो. 'फक्त जास्त सावध' हे ऐकायला निर्धोक वाटतं, पण ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला खऱ्या हिरव्यावर खोटा लाल मिळाला आणि तिने कचकन ब्रेक मारला, तर मागून धडक बसते. अनावश्यक सावधपणाही अपघात घडवतो.

म्हणून मर्यादा मंदनावर घाला. ६० किमी प्रतितास म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. २ मीटर प्रतिसेकंदवर्गाच्या सौम्य मंदनाने थांबायला सुमारे ७० मीटर लागतात. संदेश ३०० मीटरवर मिळत असेल तर गाडीकडे सौम्यपणे वेग उतरवून कॅमेऱ्याने दिवा पडताळायला भरपूर जागा आहे. म्हणून नियम: नुसत्या आरएसयूच्या शब्दावर सौम्य मंदनापलीकडे काही नाही, जोराचा ब्रेक हवा असेल तर गाडीच्या स्वतःच्या सेन्सरने दुजोरा दिलेला हवा. आणि पल्ला ७० मीटरच्या खाली घसरलेल्या चौकात ही माहिती वापरूच नका. अँटेनावाला म्हणतात ती ५० मीटरच्या टप्प्यांची मोजणी सुरक्षेच्या हिशेबात इथे येते.

यामागे मानकांचंही कारण आहे. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला आयएसओ २६२६२ या सुरक्षा मानकाची शिस्त लागू असते. रस्त्याकडच्या युनिटला सहसा तशी कुठलीच पातळी दिलेली नसते. हमी नसलेल्या स्रोतावर हमीचं काम टाकता येत नाही.

आता साखळीचा हिशेब. कंट्रोलर, स्विच, आरएसयू, वेळस्रोत, बॅकहॉल, प्रमाणपत्र सेवा, असे सहा घटक धरा, प्रत्येकी ९९.५ टक्के. गुणाकार ९७ टक्क्यांवर येतो, म्हणजे वर्षाला सुमारे २६० तास सेवा नाही. आणि हा आकडा सुधारायचा तर महागडी युनिटं हा मुख्य मार्ग नाही. दोन बिघाडांमधला सरासरी काळ ५०,००० तास आणि दुरुस्तीला ७२ तास लागत असतील, तर एका युनिटमागे वर्षाला साडेबारा तास जातात. दुरुस्ती ८ तासांत झाली तर दीड तासही जात नाही. करारात दुरुस्तीची वेळ आणि कॉरिडॉरजवळ ठेवायची सुटी युनिटं लिहा, आधीच प्रमाणपत्रासाठी नोंदवलेली. नाहीतर युनिट बदलायला एक तास आणि त्याची नोंदणी व्हायला आठवडा.

---

चौकमापक

वीज गेल्यावर काय? आणि मॅपची पडताळणी कशी करायची? आत्ता तो ड्रॉइंगवरून केलेला आहे.

---

पिवळादिवा

वीज. २० डिसेंबर २०२५ ला सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या भागाचा वीजपुरवठा गेला, सिग्नल विझले आणि वेमोच्या चालकरहित गाड्या चौकांत अडकल्या. कंपनीला सेवा काही काळ थांबवावी लागली. विझलेला सिग्नल म्हणजे चारी बाजूंनी थांबा, हे गाड्यांना माहीत होतं. पण एकाच वेळी खूप गाड्यांनी दूरस्थ कर्मचाऱ्यांकडे खात्री मागितली आणि तिथे रांग लागली. अशा वेळी आरएसयू जिवंत राहून 'दिवे विझलेले' असं सांगू शकलं तर त्याचा खरा उपयोग. जे२७३५ मध्ये 'डार्क' ही स्थिती आहे. ती वापरा.

म्हणजे आरएसयू, पीओई स्विच आणि मोडेम, तिन्ही यूपीएसच्या बाजूला हवेत. बऱ्याच कॅबिनेटमध्ये कंट्रोलर यूपीएसवर असतो आणि स्विच शेजारच्या साध्या सॉकेटवर. हिशेब करा: १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या म्हणजे ४,८०० वॅट-तास, निम्म्याच वापरायच्या, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के, भार ५०० वॅट, तर चार तास. हे नव्या बॅटरीचं गणित. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं आणि उन्हातलं कॅबिनेट सहज त्यापलीकडे जातं. क्षमतेची चाचणी खऱ्या भारावर घ्या, नुसतं व्होल्टेज बघून नाही. सिग्नलचा भार संपला की उरलेली बॅटरी आरएसयूला द्या. त्याला जेमतेम १५-२० वॅट लागतात.

मॅप. ड्रॉइंग हे इराद्याचं चित्र, रस्त्याचं नव्हे. प्रत्येक लेनमधून, प्रत्येक वळणाची, अचूक जीएनएसएस असलेली गाडी चालवा आणि त्या लेनला जोडलेला सिग्नल गट (एकत्र बदलणारे दिवे) प्रत्यक्ष दिव्याशी ताडून बघा. डावी आणि सरळ यांच्या गटांची अदलाबदल कागदावर दिसत नाही. संदर्भबिंदू कोणत्या डेटमवर (निर्देशांकांच्या संदर्भ चौकटीवर) मोजला, तेही विचारा: ऑस्ट्रेलियाने १९९४ च्या डेटमवरून २०२० च्या डेटमवर जाताना निर्देशांक सुमारे १.८ मीटर सरकले, म्हणजे अर्धी लेन. मोठ्या चौकाचा मॅप सुमारे १,४०० बाइटांच्या वर गेला तर तो हवेत जाणारच नाही, आणि ही चूक शांतपणे होते. वळणावरचे बिंदू कमी करा.

पट्टे पुन्हा रंगवले, लेन बंद केली, वळण बदललं, की त्याच कामाच्या परवान्यात मॅपचा बदल बांधून टाका. रिव्हिजन क्रमांक वाढवा, आणि स्पॅटमधला क्रमांक मॅपशी जुळत नसेल तर गाडीने तो चौक वापरायचा नाही अशी अट ठेवा. रंगाच्या कामाला आणि मॅपला एक रात्रही वेगळी मिळाली तर त्या रात्री स्पॅट बंद ठेवा.

---

किल्लीकुलूप

रोजच्या देखरेखीसाठी: प्रत्येक चौकात किंवा निदान तीनपैकी एका चौकात, एक साधं ऑनबोर्ड युनिट कायमचं बसवा, गाडीसारखं सही तपासणारं. त्याच्या शेजारी लोड स्विचच्या आउटपुटवर करंट सेन्सर. हवेतून आलेला रंग आणि तारेतला प्रवाह यांची तुलना सतत चालू द्या. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त विसंगती टिकली की आरएसयूचं प्रसारण आपोआप बंद आणि मग फोन. माणसाच्या परवानगीची वाट बघू नका. प्रमाणपत्राची उरलेली मुदत ४८ तासांच्या खाली गेली की वेगळा अलार्म. हे सेन्सर लावताना मॉनिटरच्या तारांना हात लागत नाही ना, हे कॅबिनेटच्या जबाबदार अभियंत्याकडून तपासून घ्या. वाहकाभोवती बसणारे क्लॅम्प प्रकारचे सेन्सर त्यासाठी बरे. एलईडी दिव्याचा प्रवाह फार कमी असतो, म्हणून सेन्सरचा उंबरठा प्रत्येक दिव्यावर मोजूनच लावा, नाहीतर चालू दिवा विझलेला समजला जाईल.